मेडल माउंटिंग: काम सुबक, पण 'गोवा'च काढून ठेवला!

आमचे आजोबा नेव्हीतले रिटायर्ड कमांडर (नेव्ही म्हटलं की लोक लगेच विचारतात मर्चंट नेव्ही का, तर नाही, खरी नेव्ही). त्यांची सात मेडल्स बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून होती, रिबनी पार विरलेल्या. ४ डिसेंबरच्या नेव्ही डेला त्यांना घालायची होती म्हणून पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात नव्या रिबनी लावून माउंट करायला दिली, दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये.

काम बघितलं तर एकदम सफाईदार. पूर्वी मेडल्स नुसती लोंबायची आणि चालताना एकमेकांवर आपटायची, आता मागे कडक पट्टी देऊन पक्की बसवलीत, खालच्या कडा एका रेषेत. ब्रासो मारू नका असं दहादा सांगितलेलं, ते ऐकलं, त्यामुळे कडेवर कोरलेलं नंबर-रँक-नाव घासलं गेलं नाही.

पण घरी आणून आजोबांच्या हातात दिलं तर त्यांनी पहिल्याच मेडलवर बोट ठेवलं, "अरे, गोवा कुठाय?" जनरल सर्व्हिस मेडल १९४७ हे एकच मेडल वेगवेगळ्या मोहिमांसाठी दिलेलं, कुणाचं काश्मीरचं, कुणाचं नागा हिल्सचं, ते रिबनीवरच्या छोट्या धातूच्या पट्टीवरून कळतं. आजोबांची पट्टी 'गोवा १९६१'ची. गोवा मुक्तीच्या वेळी १८ डिसेंबरला पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावर नौसैनिकांची तुकडी उतरवली तेव्हा ते त्रिशूल या युद्धनौकेवर सब-लेफ्टनंट होते. मरीन वगैरे वेगळं दल तेव्हा आपल्याकडे नव्हतंच, मार्कोस (नेव्हीचे कमांडो) आले १९८७ मध्ये, उतरले ते नेव्हीचे साधे नौसैनिक आणि त्यातले ७ जण तिथेच गेले. आजोबा बाकी कशाबद्दल पण बोलतील, त्या दिवसाबद्दल नाही. आणि ती पट्टी दुकानदाराने सुटा भाग समजून प्लास्टिकच्या पुडीत घालून दिलेली!!

दुसरी चूक म्हणजे त्याने पुढची मेडल्स सालाप्रमाणे लावली, १९६५चं रक्षा मेडल आधी आणि १९७१च्या युद्धातला पश्चिमी स्टार (पश्चिम आघाडीसाठीचं मेडल) नंतर. तसं नसतं, स्टार आधी, मग रक्षा, मग १९७१चंच संग्राम मेडल, त्यानंतर स्वातंत्र्याच्या पंचविशीचं आणि शेवटी २० वर्षं, ९ वर्षं सर्व्हिसची. फौजी गिऱ्हाइकांच्या जिवावर दुकान चालतं आणि हे माहीत नाही म्हणजे कमाल आहे.

परत नेलं तर कुरकुर न करता फुकट उसवून पुन्हा लावून दिलं, वर सॉरी पण म्हणाला, पण आठ दिवस गेले. या वेळी आजोबा स्वतः आले, काउंटरवर चष्मा लावून एकेक तपासलं, पट्टी नखाने हलवून बघितली, मगच पिशवीत टाकू दिलं.

पाचपैकी तीन स्टार. देताना मेडल्सचा क्रमाने फोटो काढून त्याच्या व्हॉट्सॲपवर टाका, आणि मागची पिन जरा मोठी मागा, जाड ब्लेझरला पुरत नाही.