होडी आलीच नाही

मैत्रिणीच्या डोहाळजेवणाची सजावट करणारा माणूस रविवारी सकाळी सातला येणार होता. साडेनऊला आम्ही पाचजणी सोसायटीच्या रिकाम्या हॉलमध्ये बसलो होतो आणि त्याचा फोन बंद लागत होता. आमचे 29,000 रुपये गेले. रक्कम काही जणांना लहान वाटेल, पण ती कशी गेली हे सविस्तर सांगायला हवं, कारण गुपचूप कार्यक्रम ठरवणाऱ्या कुणावरही हीच वेळ येऊ शकते.

मैत्रीण मूळची मालवणची, लग्नानंतर पुण्यात आलेली. सातवा लागला आणि डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हणून सांगितलं. माहेरी जाऊन डोहाळजेवण होणार नाही, याचं तिला फार लागलं होतं. "एकदा समुद्र बघून यायचा होता गं," असं ती फोनवर म्हणाली आणि आम्हाला होडीची कल्पना सुचली. गर्भारणीला फुलांची वाडी घालून झोपाळ्यावर, चंद्रकोरीत, बागेत किंवा नावेत बसवायचं, हातात धनुष्यबाण द्यायचा, हे आपल्याकडे जुनंच आहे. आजीच्या अल्बममध्ये असे कृष्णधवल फोटो असतात. तिला समुद्राकडे नेता येत नाही तर समुद्र इथे आणू, असं ठरलं. प्रत्येकीने 6,000 काढले. तिला, तिच्या नवऱ्याला, सासूबाईंना कुणालाच सांगायचं नाही, असंही ठरलं. फक्त तिच्या आईला कळवलं, ती कुडाळहून शनिवारी रात्रीच्या बसने निघणार होती.

इन्स्टाग्रामवर एक पान सापडलं. खरीखुरी वाटणारी लाकडी होडी, शिडाला मोगऱ्याच्या माळा, मागे निळा पडदा. भाव 24,000, त्यात फुलांचे दागिने आणि फोटोही. निम्मे आगाऊ.

तो माणूस बोलायला अतिशय चांगला होता. पहिल्याच फोनवर त्याने विचारलं, "ताई, सरप्राइज आहे का?" मी हो म्हटलं. मग म्हणाला, "मग घरच्या कुणाचा नंबर नको. मी फक्त तुमच्याशीच बोलेन. आणि हॉल बघायला आधी येत नाही, वॉचमन बोलतात, बातमी फुटते." मला तेव्हा वाटलं, किती समजूतदार माणूस आहे. आज कळतं की त्याला आमच्या एका शब्दात सगळं मिळालं होतं. हॉल बघायला यायचं टळलं, प्रत्यक्ष भेट टळली, आणि ज्यांना चार कार्यं उरकल्याचा अनुभव आहे अशा मोठ्या बायका आपोआप बाजूला पडल्या. सासूबाईंना एकदा विचारलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न केला असता, "त्याचं दुकान कुठे आहे?" हा प्रश्न आमच्यापैकी कुणीही विचारला नाही.

मंगळवारी 12,000 पाठवले. पाठवताना पडद्यावर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं खातं आहे ताई," तो म्हणाला. यूपीआयवर पैसे जाण्याआधी खातेदाराचं बँकेत नोंदलेलं नाव दिसतं, ते थांबून वाचण्यासाठीच असतं. मी वाचलं आणि तरीही पुढे गेले.

गुरुवारी फोन आला. लग्नसराई आहे, मार्केट यार्डात मोगरा कडाडलाय, आज फुलं धरून ठेवली नाहीत तर रविवारी कागदी लावावी लागतील. आणखी 7,000. फुलांचे भाव लग्नसराईत चढतात हे खरं असल्यामुळे ते पटलं. खोट्याला त्याने प्रत्येक वेळी असा एखादा खरा टेकू दिला होता.

एका गोष्टीने मात्र आम्ही सावध व्हायला हवं होतं. त्याने पाठवलेल्या यादीत "मुलगा की मुलगी उलगडा फुगा, 2,500" असं होतं. आपल्याकडे गर्भाचं लिंग तपासणं आणि सांगणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. वाटीखाली पेढा-बर्फी लपवून अंदाज बांधायचा खेळ निराळा, त्यात कुणालाच काही ठाऊक नसतं. जो खरोखर इथे डोहाळजेवणं सजवतो, तो असला फुगा यादीत ठेवणार नाही. ती यादी परदेशातल्या कुठल्यातरी पानावरून उचललेली होती. आम्ही नको म्हणून सांगितलं आणि विषय सोडून दिला.

शनिवारी रात्री दहाला तो म्हणाला, होडी महाग आहे, 5,000 डिपॉझिट लागेल, कार्यक्रम झाला की परत. आम्ही पाठवले. दहा मिनिटांत पुन्हा फोन: "ताई, चुकून दुसऱ्याच खात्यात आले, आधी परत घ्या. कोड पाठवलाय, स्कॅन करून पिन टाका, लगेच जमा होतील." आम्ही तेव्हा हॉल झाडत होतो, फुगे फुगवत होतो, ओटीचे खण-नारळ मोजत होतो. मी कोड स्कॅन केला, पिन टाकला आणि आणखी 5,000 गेले. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की खात्यातून पैसे जातात, येत नाहीत. हे मी स्वतः माझ्या आईला दोनदा समजावलेलं आहे. दमलेल्या रात्री, घाईत, समोरचा "लवकर करा, सर्व्हर बंद होईल" म्हणत असताना ते आठवलं नाही. मी ओरडल्यावर तो शांतपणे म्हणाला, "सकाळी होडी घेऊन येतो तेव्हा रोखच देतो." आम्ही त्याच्यावर विश्वास ठेवून झोपलो. ती रात्र आमची सगळ्यात मोठी चूक ठरली.

रविवारी शेवटी सासूबाईंना सांगावं लागलं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी निळ्या साड्या काढल्या, बिल्डिंगमधल्या बायकांना हाक मारली, कोपऱ्यावरच्या फुलवाल्याकडून गजरे आणवले, आणि तिच्या आईने पिशवीतून मालवणची खाजी काढून ताटात ठेवली. मैत्रीण हिरव्या साडीत दारात आली तेव्हा तिला काही कळू दिलं नाही. ते तिला महिन्याने कळलं.

तक्रार आम्ही दुपारी साडेबाराला केली, म्हणजे शेवटचे पैसे गेल्यावर चौदा तासांनी. सायबर फसवणुकीसाठी देशभर 1930 हा क्रमांक आहे आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे सरकारी संकेतस्थळ आहे. तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यांतून पुढे जातात तिथे ते रोखून धरता येतात, पण चोर ते तासाभरातही पुढे सरकवतात किंवा काढून घेतात. आमच्या 29,000 पैकी 3,400 रोखले गेले, ते सोडवायचं काम अजून चालू आहे. रात्री पावणेअकरालाच 1930 लावला असता तर निदान शेवटचे 10,000 हाती लागायची आशा होती. फोन लावताना प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), वेळ आणि रक्कम समोर ठेवा. आमच्यातल्या एकीने रागाने त्याचे सगळे मेसेज पुसून टाकले होते. माझ्याकडचे राहिले म्हणून पुरावा राहिला. तुम्ही काहीही पुसू नका, त्याला ब्लॉक करण्याआधी त्याच्या पानाचे आणि नंबरचे स्क्रीनशॉट घ्या.

आठवड्याने एकाचा फोन आला. "सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायची फी 2,000." फसलेल्यांचे नंबर या लोकांमध्ये फिरतात, आणि पैसे परत मिळण्याची आशा हेच दुसरं जाळं असतं. पोलीस असली फी फोनवर मागत नाहीत. त्या वेळी मात्र मी फोन ठेवला आणि तो नंबरही तक्रारीत जोडला.

नंतर शांतपणे ते पान पुन्हा पाहिलं. "या खात्याबद्दल" असं उघडलं की खातं कधी सुरू झालं आणि आधी किती वेळा नाव बदललं ते दिसतं. ते दोन महिन्यांचं होतं आणि चारदा नाव बदललेलं. सगळ्या फोटोंखाली प्रतिक्रिया बंद होत्या. होडीचा फोटो गुगलवर शोधायला टाकला तर तो दुसऱ्या राज्यातल्या एका सजावटकाराचा निघाला. त्यांना कळवलं, त्यांनाही धक्काच बसला. हे सगळं बघायला पाच मिनिटं लागली.

मैत्रिणीला मुलगी झाली. बाळ आता तीन महिन्यांचं आहे.

काल तीच होडी पुन्हा दिसली, तोच मोगरा, तोच निळा पडदा, वर पानाचं नाव नवं आणि गाव नाशिक. या वेळी प्रतिक्रिया बंद करायच्या राहिल्या असाव्यात. खाली एका मुलीने लिहिलं होतं, "ताईसाठी सरप्राइज करायचंय, घरी कुणाला माहीत नाही, रेट पाठवा." मी पानाची तक्रार केली आणि तिला लगेच मेसेज केला. तिने तो अजून पाहिलेला नाही.