रिमूव्ह की पर्ज?

उबुंटू या लिनक्स सिस्टिमवर ‘आप्ट रिमूव्ह’ ही कमांड दिली की प्रोग्रॅम (म्हणजेच पॅकेज) जातो, पण ईटीसी फोल्डरमधल्या त्याच्या कॉन्फिग, म्हणजे सेटिंगच्या, फायली राहतात. पॅकेजांची नोंद ठेवणाऱ्या डीपीकेजीच्या यादीत मग नावाआधी ‘आरसी’ दिसतं, म्हणजे प्रोग्रॅम काढला पण कॉन्फिग शिल्लक. ‘आप्ट पर्ज’ त्या फायलीही उडवतं. काही सर्व्हर पॅकेजं तर सोबत डेटाही पुसतात, म्हणून आधी कॉपी घ्याच.

पॅकेज पुन्हा टाकायचं असेल तर रिमूव्ह बरं. पण मेख इथेच आहे. उरलेली फाइल कुणी हाताने डिलीट केली, तर री-इन्स्टॉल करूनही ती परत येत नाही, कारण ती मुद्दाम काढली असं डीपीकेजी धरून चालतं. सर्व्हिस सुरू होत नाही आणि अख्खी दुपार जाते. तेव्हा पर्ज करून नव्याने टाकणं हाच सरळ उपाय.

युजरच्या होम फोल्डरला मात्र रिमूव्ह काय, पर्ज काय, सहसा हात लावत नाहीत. बेळगाव-खानापूरकडच्या डीटीपी सेंटरात एकाच मशीनवर मराठी आणि कन्नड कीबोर्ड लागतात. त्यांची निवड युजरच्या डॉट-कॉन्फिग फोल्डरात असते. कीबोर्ड बदलून देणारा आयबस हा प्रोग्रॅम पर्ज करून परत टाकला तरी बिघडलेली यादी तशीच! ती सेटिंगमधूनच दुरुस्त करावी लागते, आणि दोन ऑपरेटरांचे दोन लॉगिन असतील तर दोन्हीकडे.