टूरिंग सायकल, नागपूर ते कन्याकुमारी: मागचं चाक आधी बदला

गिअर, ब्रेक, वजन हे सगळं तुम्ही वाचलेलंच असेल, म्हणून थेट मुद्द्यावर येते. टूरिंगची म्हणून विकल्या जाणाऱ्या या स्टीलच्या सायकलचं मागचं चाक 32 स्पोकचं आहे, आणि त्या एका गोष्टीने आमच्या अख्ख्या घराचा प्रवास वेठीला धरला.

हिवाळ्यात आम्ही चौघे झिरो माइलवरून निघालो. ह्यांची आणि माझी सायकल एकाच मॉडेलची, मुलांच्या साध्या. 44 नंबरचा हायवे धरला की बुटीबोरी, हिंगणघाट, पांढरकवडा, आणि पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तंबू, स्टोव्ह, भांडी ह्यांच्या कॅरियरवर, कपडे माझ्याकडे. आदिलाबादपर्यंत मी या सायकलीचं कौतुकच करत होते. ओझं लादल्यावरही हँडल थरथरत नाही, दिवसभर चालवून कंबर धरत नाही.

निर्मलच्या अलीकडे उतारावर टणकन आवाज आला आणि ह्यांचं मागचं चाक डुलायला लागलं. स्पोक तुटला होता चेनच्या बाजूचा, अगदी हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याजवळच्या वाकात. तिथला स्पोक बदलायचा तर आधी कॅसेट, म्हणजे मागच्या गिअरच्या दातेरी चकत्यांचा संच, काढावी लागते आणि तिची खास चावी पंक्चरवाल्याकडे नसते. स्पोकची किंमत एका चहाएवढी, पण त्यापायी चार माणसं रस्त्याच्या कडेला बसून. मुलीने तुटलेली तार शेजारच्या तारेला बांधली, आम्ही ब्रेक जपत निर्मल गाठलं.

तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक फिरवून पाहिलं, आणि दुकानासमोर उभी असलेली स्वतःची काळी सायकल दाखवली. "इसमें पीछे चालीस हैं, मॅडम." खरंच की! आपल्या दूधवाल्यांच्या जुन्या सायकलींना पुढे 32 आणि मागे 40 स्पोक असतात, कारण माणसाचं आणि सामानाचं बहुतेक वजन मागच्या चाकावर येतं. हे पिढ्यान्पिढ्या माहीत असलेलं गणित. मग चार बॅगा लटकवलेला फोटो छापून सायकल विकणाऱ्यांनी मागे 32 का द्यावेत?

दुसरा स्पोक कर्नूलच्या पुढे गेला. कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं, "स्पोक झिजण्यात धरले जातात, वॉरंटीत येत नाहीत." काही महिन्यांत कुठला स्पोक झिजतो? मी हट्टाने फोटो, बिल, सायकलच्या माहितीपत्रिकेतलं वजनाचं पान असं सगळं पाठवलं. मग म्हणे, ओझं जास्त झालं असेल. पत्रिकेत जेवढी मर्यादा दिली आहे त्याच्या आत आम्ही होतो, निघण्याआधी काट्यावर तोलून घेतलं होतं.

एक चांगली गोष्टही सांगते, कारण ती तेवढीच खरी आहे. अनंतपूरच्या आसपास कॅरियरचा पाय तडकला. स्टीलचा असल्यामुळे ट्रॅक्टर दुरुस्तीवाल्याने चहा होईपर्यंत वेल्डिंग मारून दिलं. ॲल्युमिनियमचा असता तर आर्गॉन वायूवरची वेल्डिंग मशीन शोधत फिरावं लागलं असतं. जड म्हणून स्टीलला नाकं मुरडणाऱ्यांना माझं हेच सांगणं आहे.

बंगळुरूत 36 छिद्रांचा हब आणि रिम घेऊन हाताने चाक बांधून घेतलं. पैसे द्यायला जिवावर आलं, पण त्यानंतर धर्मपुरीहून सेलमकडे उतरणारा तोप्पूर घाट आला, जिथे भरलेले ट्रक ब्रेक धरून धरून उतरतात. तिथेही आणि तिरुनेलवेलीपुढच्या पवनचक्क्यांच्या वाऱ्यातही एक तार हलली नाही.

इथपर्यंत माझं मत होतं की ओझं कमी असेल तर मूळचं चाक चालेल. आता तसं म्हणणार नाही. परत आल्यावर एका रविवारी रामटेकला निघालो होतो, कॅरियर मोकळं, आणि माझ्या सायकलचा स्पोक तुटला. तोही हबजवळच, त्याच वाकात. म्हणजे ओझ्याचा मुद्दाच निकालात निघाला. नागपुरातल्या बर्डीवरच्या मिस्त्रींनी तारा बोटाने दाबून पाहिल्या आणि म्हणाले, "ताई, मशीनवर बांधलं आहे हे. एक तार कडक, दुसरी ढिली. ढिली तार दर फेऱ्याला सैल पडते, पुन्हा ताणते. वाकवून वाकवून तार तोडतो ना आपण, तशी तुटते ती." औट, म्हणजे चाकाचं डुलणं, काढून चाक सरळ दिसतं, पण ताण सारखा होतोच असं नाही, हे मला तेव्हा कळलं.

कंपनीने शेवटी एक चाक बदलून द्यायची तयारी दाखवली, तेही पुन्हा 32 चंच. मी नको म्हटलं आणि चाकाच्या फरकाचे पैसे मागितले आहेत. उत्तर आलेलं नाही.

सायकल घेऊ नका असं मी म्हणत नाही. फ्रेम आणि ब्रेक उत्तम आहेत. पण घेतानाच मागचं चाक उतरवून द्या आणि 36 चं बांधून मागा. मागच्या चिमट्यात, म्हणजे फ्रेममध्ये मागचं चाक बसतं तिथे, 135 मिलिमीटरचा हब बसतो, त्या मापात 36 छिद्रांचा मिळतो. बांधून झाल्यावर मिस्त्रींना तारा जोडीजोडीने मुठीत दाबायला सांगा, मग पुन्हा औट तपासायला सांगा. दोन्ही बाजूंच्या तारांची लांबी वेगळी असते, तेव्हा दोन्ही मापांचे जास्तीचे स्पोक आणि कॅसेटची चावी पिशवीत असू द्या. आमच्या मुलीला आता कॅसेट काढता येते.