सिंगापूर ते क्वालालंपूर: विमान की बस?

नकाशावर बघितलं तर प्रश्नच पडू नये. दोन शहरांतलं हवाई अंतर जेमतेम ३०० किमी, म्हणजे साधारण मुंबई-कोल्हापूरएवढंच. वेळापत्रकात सव्वा तासाच्या आत-बाहेरची वेळ दिसते, पण त्यातला बराच भाग धावपट्टीकडे रांगण्यात जातो. प्रत्यक्ष हवेत पाऊण तासच. पाण्याची बाटली उघडेपर्यंत पट्टा बांधायची सूचना येते.

खरा घोळ पुढे. क्वालालंपूरचा विमानतळ शहरात नाही, तो सेपांगला, ५० किमीहून लांब. तिथून एक्स्प्रेस ट्रेन शहरातल्या केएल सेंट्रल स्टेशनला अर्ध्या तासात सोडते, पण तिचं भाडं कधीकधी बसच्या तिकिटाएवढं भरतं. शिवाय चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, दोन तास आधी पोहोचायचं. दारापासून दारापर्यंत मोजलं तर पाच तास सहज जातात.

बसचा रस्ता साधारण ३५० किमी, वेळ पाच-सहा तास. सीट ऐसपैस. कटकट एकच: सीमेवर दोनदा उतरायचं, एकदा सिंगापूरचा शिक्का, मग जोहोर बारूला सगळ्या बॅगा उचलून मलेशियाची रांग. शुक्रवारी संध्याकाळी दोन देशांना जोडणाऱ्या वुडलँड्सच्या पुलावर अडकलात तर सगळं गणितच कोलमडतं. त्यामानाने तुआसचा दुसरा पूल बरा.

एरवी मी बसच घेईन. पुढचं विमान क्वालालंपूरहूनच पकडायचं असेल, किंवा शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली असेल, तर मात्र मुकाट्याने चांगी गाठावं.