शिष्टाचाराचा वर्ग: दिवाळीनंतर काय उरलं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत सहावीतल्या मुलीला पुण्यातल्या एका शिष्टाचाराच्या वर्गात घातलं आणि तिथल्याच मोठ्यांच्या बॅचला मी नि नवरा बसलो. आता दिवाळी होऊन गेली. फी भरण्याआधी मला असा अनुभव कुठे वाचायला मिळाला नव्हता, म्हणून लिहितेय.

ज्या नियमांमागचं कारण सांगितलं, तेच अंगवळणी पडले. जेवण झालं की काटा-सुरी शेजारी-शेजारी ठेवायची, म्हणजे ताटली उचलायची हे वेटरला न सांगता कळतं. मुलीच्या हे पक्कं डोक्यात बसलंय. नॅपकिनची फुलं करण्यात मात्र अख्खा तास गेला आणि ती पुढच्याच आठवड्यात विसरली.

सगळ्यात उपयोगी पडलं ते ओळख करून देणं. आधी मोठ्यांना हाक मारायची आणि मग लहानाचं नाव सांगायचं: ‘आजी, ही माझ्या वर्गातली सई.’ समोर कोण आलंय हे आधी कळण्याचा मान मोठ्यांचा. ऑफिसात हा मान ग्राहकाचा, आपल्या साहेबांच्याही आधी. बाईंनी हे प्रत्येकाकडून उभं करून, पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. नुसतं फळ्यावर लिहून दिलं असतं तर मला हे जमलं नसतं.

नवऱ्याच्या कंपनीत जपानी पाहुणे येतात. त्यांच्यासाठीची रीतही वर्गात शिकवली: आपलं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं, अक्षरं समोरच्याला सुलट दिसतील असं. मिळालेलं कार्ड वाचायचं, लगेच खिशात कोंबायचं नाही. गेल्या बैठकीत पाहुणे ज्या क्रमाने बसले होते त्याच क्रमाने त्याने कार्डं टेबलावर मांडली. नावं घेताना एकदाही अडखळला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं. ईमेलचा तासही चांगला होता. एकमेकांना न ओळखणाऱ्या लोकांना एकच मेल पाठवताना पत्ते बीसीसीत घालायचे, म्हणजे कुणाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही, हे मी तिथेच शिकले.

मुलांच्या बॅचबद्दल माझी खरी तक्रार आहे. हाताने जेवण्याला तिथे जागाच नव्हती. उष्ट्या हाताने वाढून घ्यायचं नाही, बोटांची पेरंच तेवढी भरू द्यायची, पंगतीत सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं, ही रीत काय कमी बारकाईची आहे? घरी कामाला येणाऱ्या मावशींशी, वॉचमनकाकांशी कसं बोलावं, यावरही एक शब्द नाही. माझ्या मते मुलांना सुरीच्या आधी हे शिकवायला हवं. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, पण नव्या बॅचच्या वेळापत्रकात अजून काही दिसत नाही.

नोकरी करणाऱ्यांनी मोठ्यांच्या बॅचला जरूर जावं. मुलांना घालायचं असेल तर आधी एक तास बसू देतात का ते विचारा आणि त्या तासात मुलं स्वतः किती करून बघतात ते पाहा.