पावसाळाभर वापरलेली पाच प्रकारची कानातली: कान, मळ आणि दमट हवा

जूनच्या सुरुवातीपासून दिवाळीपर्यंत, म्हणजे कोकणात घरातले कपडेही नीट वाळत नाहीत त्या काळात, पाच प्रकारची कानातली आलटूनपालटून वापरली: ऑक्सिडाइज्ड झुमके, एक ग्रॅमचे, म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेले टॉप्स, ९२५ चांदीच्या रिंगा, टायटॅनियमचे बारीक टॉप्स आणि सोन्याच्या दांडीची मोत्यांची कुडी. नक्षी कशी आहे याबद्दल इथे काही नाही. कान चिघळतो का, खाज सुटते का, वास येतो का, आणि विकत घेताना काय बघितलं तर हे टळेल, एवढंच लिहिलं आहे.

कानातलं घेताना ते आधी उलटं करून बघावं. मोती आणि खडे कानाला बाहेरून टेकतात. भोकात चोवीस तास राहते ती दांडी आणि पाळीला मागून चिकटून बसते ती फिरकी. खोबरेल तेल, घाम, पावडर आणि पाळीची सुटलेली कातडी यांचा तिथे तपकिरी लगदा होतो. उन्हाळ्यात तो वाळून पडतो तरी. जुलै-ऑगस्टमध्ये ओलाच राहतो आणि आंबूस वास मारतो. मळसूत्राच्या दांडीवर आटे जितके खोल, तितका मळ जास्त. दाबाच्या फिरकीत तो दोन वळवलेल्या पाकळ्यांच्या आत साठतो आणि बाहेरून दिसत नाही. पारदर्शक रबरी बूच तर पिवळं पडून चिकट होतं. ते धुण्यात वेळ घालवू नये, बदलून टाकावं. पाचही प्रकारांत सगळ्यांत स्वच्छ राहिली ती गुळगुळीत दांडी आणि धातूची साधी चपटी फिरकी.

दुकानात घालून बघण्याचा प्रश्न इथूनच सुटतो. गणपतीपुळ्याच्या किंवा मालवणच्या किनाऱ्यावरच्या स्टॉलवर, आंगणेवाडीच्या जत्रेत, कार्डाला टोचलेली कानातली दिवसभर हाताळली जातात. कार्डावरची भोकं सैल झाली असतील, फिरकी तिरकी बसवलेली असेल किंवा दांडीवर पांढुरकी पापडी दिसत असेल, तर ते कुणीतरी घालून पाहिलेलं आहे. ते भोकात घालू नये. आरशासमोर कार्डासकट पाळीजवळ धरलं की लांबी आणि आकार कळतो, आणि वजनाचा अंदाज तळहातावर येतो. ही नाजूकपणाची गोष्ट नाही. भोकाच्या आतली कातडी सहज खरचटते आणि दांडीला न दिसण्याइतकं रक्त लागतं; हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो.

सोनाराकडे मात्र कुडी किंवा वेल न घालता घेणं अवघड असतं. तिथे दांडी पुसून मागावी. मागायला संकोच वाटत असेल तर मेडिकलमध्ये मिळणारे स्पिरिटचे सुट्टे स्वॅब पर्समध्ये ठेवावेत. ७० टक्के अल्कोहोलचाच घ्यावा, कारण त्यातल्या पाण्यामुळे तो लगेच उडून जात नाही आणि जंतूंवर नीट काम करतो. दांडी अर्धा मिनिट ओली राहील अशी पुसायची आणि मग हवेत वाळू द्यायची. ओढणीने पुसली तर केलेलं फुकट. दिसणारा मळ असेल तर स्पिरिट त्याच्या आत पोचत नाही, आणि पुसण्याने सगळी जोखीम जाते असंही नाही. म्हणून मळकट जोड पुसूनही घालू नये.

घरी आणल्यावर आधी साबण, मग स्पिरिट, हा क्रम महत्त्वाचा आहे. वाटीभर कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विड सोपचे दोन थेंब, लहान मुलांचा मऊ टूथब्रश, आणि फिरकीच्या आत जायला दातांच्या फटी साफ करायचा बारीक ब्रश. आट्यांवर ब्रश गोल फिरवायचा, नुसता मागेपुढे नाही. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं करून, शेवटी दांडी आणि फिरकी स्पिरिटने पुसायची. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा पुरलं. कुडीला ही पद्धत चालत नाही. तारेत ओवलेल्या मोत्यांच्या मागे पाणी अडकतं आणि स्पिरिटने खऱ्या मोत्याची चकाकी जाते. मोत्यांवर सुती फडकं गुंडाळून फक्त दांडी पुसावी. चिकटवलेले खडे असतील तरी हेच, आणि उकळत्या पाण्यात तर काहीच टाकू नये. आधी गोंद सुटतो.

आता धातू. ऑक्सिडाइज्ड झुमके बऱ्याचदा जर्मन सिल्व्हरचे असतात. त्यात तांबं, जस्त आणि निकेल असतं, चांदी नसते. घामातल्या मिठाने निकेल सुटतं आणि ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या पाळीला एक-दोन दिवसांत खाज, पुरळ, खपल्या येतात. ही अ‍ॅलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते, म्हणून लहान मुलींच्या कानात हे झुमके घालू नयेत, जत्रेतली हौस म्हणूनही. दांडीवर नेलपॉलिश लावण्याचा उपाय दमट हवेत थोडे दिवसच टिकतो. थर सोलतो आणि त्याच्या कडेखाली मळ धरतो. झुमका मनापासून आवडला असेल आणि हुकाचा असेल तर हूकच बदलावा. चांदीचा किंवा टायटॅनियमचा हूक घ्यावा, छोट्या पक्कडीने कडी बाजूला वळवून उघडावी. समोरासमोर फाकवली तर ती मोडते. शिंपल्यांच्या कानातल्यांनाही हाच उपाय लागू पडला.

एक ग्रॅमचे टॉप्स पहिले काही आठवडे निर्धोक वाटतात. पुढून झळाळी टिकलेली असतानाच दांडीवरचा मुलामा गेलेला असतो, कारण रोज घासली जाते ती दांडी. मुलाम्याखाली बऱ्याचदा निकेलचा थर असतो, त्याखाली तांबं किंवा पितळ. पाळीवर उमटणारा हिरवा डाग तांब्याचा. तो धुऊन जातो. पण तो दिसला म्हणजे मुलामा संपला असं समजावं आणि ते टॉप्स रोजच्या वापरातून काढावेत.

चांदीच्या रिंगा काळ्या पडल्या, पण कानाने तक्रार केली नाही. सर्वांत निर्वेध गेले ते टायटॅनियमचे टॉप्स; ज्यांना काहीच सोसत नाही त्यांनी इम्प्लांट दर्जाचं, म्हणजे एएसटीएम एफ १३६ असं लिहिलेलं मागावं. ‘सर्जिकल स्टील’ म्हणून विकलं जाणारं ३१६ एल पोलाद बहुतेकांना चालतं, तरी त्यात निकेल असतं. सोन्यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही आणि बारीक टॉप्स नेमके त्यातच बसतात. दांडी आणि फिरकीही त्याच कॅरेटची आहे का, हे विचारून बिलावर लिहून घ्यावं. व्हाइट गोल्ड असेल तर निकेल आहे का, तेही.

फिरकी घट्ट पिळण्याची सवय अनेकींना असते, हरवेल या भीतीने. पाळी आणि फिरकी यांच्यात नखाच्या जाडीएवढी फट हवीच. हवा लागली नाही की पाळी सुजते आणि सुजलेल्या पाळीत फिरकी रुतते. भोक बुजू नये म्हणून हीर किंवा कडुलिंबाची काडी घालून ठेवणंही टाळावं. लाकूड ओल धरतं आणि ते निर्जंतुक करता येत नाही. नव्याने टोचलेला कान पाळीला असेल तर सहा ते आठ आठवडे, वरच्या कूर्चेला, म्हणजे कानाच्या कडक भागाला असेल तर काही महिने, समुद्रात किंवा तळ्यात भिजवू नये. धुवायला मेडिकलमधलं ०.९ टक्क्यांचं सलाइन पुरतं. हळद आणि तेलाचा लेप भोक बंद करून आतला पू कोंडतो.

खाज दोन्ही कानांना आणि नुसती खाज असेल तर धातू बदलावा. एकच कान गरम, ठणकणारा, पू येणारा असेल तर तो संसर्ग. कूर्चा सुजली तर घरगुती उपाय न करता त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं, कारण कूर्चेत रक्तपुरवठा कमी असतो आणि कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.

ठेवण्यासाठी मखमली डबी या हवेत निरुपयोगी ठरली. महिन्याभरात तिला बुरशीचा वास येतो. प्रत्येक जोड वाळवून, फिरकी काढून, झिपच्या छोट्या पिशवीत आणि सगळ्या पिशव्या सिलिका जेलच्या पुडीसह स्टीलच्या घट्ट डब्यात, असं ठेवलेलं सगळं दिवाळीला स्वच्छ निघालं.