आठवड्याची गाणी: रेडिओ, अ‍ॅप की हाताने लावलेली यादी?

दर आठवड्याला थोडी नवी, थोडी जुनी, वेगवेगळ्या बाजाची गाणी ऐकायची असतील तर नाशिककराकडे तीन वाटा आहेत. तिन्ही मी वर्षानुवर्षं वापरल्या आहेत. माझा कौल तिसरीला आहे, पण ती वेळ मागते, म्हणून तिन्हींबद्दल सांगतो.

रेडिओला खर्च नाही. आकाशवाणी नाशिक १०१.४ वर लागते, आणि १९५७ साली सुरू झालेली विविध भारती आता फोनवरही ऐकता येते. तिथल्या ‘संगीत सरिता’मध्ये एखादा राग उलगडून सांगतात आणि त्याच रागातलं चित्रपटगीतही ऐकवतात. शास्त्रीय गाण्याला बिचकणाऱ्या माणसाला मी सगळ्यात आधी हेच ऐकायला सांगतो. अडचण एकच, वेळ त्यांची असते. पहिल्या पाळीला सातपूर गाठायचं असेल तर सकाळचं हुकतं ते हुकतंच. जॅझ किंवा नवं मराठी रॅप हवं असेल तर रेडिओच्या भरवशावर राहू नका.

अ‍ॅपचं बळ नव्या गाण्यांत आहे. स्पॉटिफायची ‘डिस्कव्हर वीकली’ २०१५ पासून दर सोमवारी ३० गाणी देते. तुमच्यासारखंच ऐकणाऱ्या इतरांनी आपल्या याद्यांत काय ठेवलंय हे पाहून, तुम्ही न ऐकलेलं तेवढं पुढे केलं जातं. नवे गायक, नवे बँड मला असेच सापडले. मात्र तुम्ही जे ऐकता त्याच्याच आसपास ती यादी फिरते. कधी नाट्यपद ऐकलंच नसेल, तर ते आपणहून समोर येण्याची आशा कमी. शिवाय एकाच फोनवर आईचे अभंग, मुलांची बडबडगीतं आणि तुमचं रॉक वाजत असेल, तर यादीची खिचडी होते. घरच्यांसाठी गाणी लावताना अ‍ॅपच्या सेटिंगमधलं ‘प्रायव्हेट सेशन’ चालू करा, म्हणजे ती गाणी शक्यतो तुमच्या आवडीत धरली जात नाहीत.

आता माझी वाट. रविवारी मिसळ खाऊन आलो की तासभर बसतो आणि बारा गाणी लावतो: सात ओळखीची, पाच कधीच न ऐकलेली. खरी गंमत आहे ती कशानंतर काय ठेवायचं यात. पंडित भीमसेन जोशींच्या अभंगानंतर काय चालेल? भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यामुळे त्यामागून चारच्या ठोक्याचं रेगे (जमैकातलं संगीत) आलं तरी पाय अडखळत नाही. दादऱ्यातल्या, म्हणजे सहा मात्रांच्या तालातल्या, पदानंतर संथ, झुलता ब्लूज बसतो, कारण दोन्हीकडे तीन-तीनचा झोका आहे. हे एकदा कानाला कळलं की पन्नास-साठ वर्षांचं अंतर जाणवत नाही. आणखी एक सांगतो, जुनं ध्वनिमुद्रण हळू आवाजात वाजतं आणि पुढचं नवं गाणं कानावर आदळतं. सेटिंगमध्ये आवाज समान ठेवण्याची सोय असते, ती आधी चालू करा. तासाभराचा ख्याल मात्र मी या यादीत घालत नाही. तो वेगळा, एकट्याने, रात्री.

पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला ये-जा करणाऱ्यांनी आणखी एक बघावं. इगतपुरी सोडली की कसारा घाटातल्या बोगद्यांत रेंज जाते, आणि रेडिओही खरखरतो. तिथे डाउनलोड केलेलीच गाणी साथ देतात, त्यासाठी अ‍ॅपचे पैसे भरावे लागतात. रोज घाट उतरत असाल तर भरा. गंगापूर रोडवरून कॉलेज रोडपर्यंतच जायचं असेल तर गरज नाही.

रविवारचा तास निघत नसेल तर अ‍ॅपची यादी घ्या आणि सोबत सकाळी रेडिओ लावा. फक्त आवडलेली दोन-तीन गाणी रविवारी रात्रीपर्यंत स्वतःच्या यादीत टाकून ठेवा, कारण सोमवारी नवी यादी येते आणि आधीची तीस गाणी तिथून जातात.